ऐकलेला गोल

इनास पदेराच्या सायकलीवर
मागच्या टोपलीत मी बसायचो, पाय बाहेर.
टोपलीला सकाळच्या उंड्यांचा वास,
चड्डीला कोंडा.
दिवाडीहून फेरी सुटली की रुझार शिंपी
हँडल चाचपून विचारायचा,
"भोंपो घेतला मरे?"

जुनं गोवें, रायबंदर, मग तो लांबच लांब बांध.
उजवीकडे मांडवी, डावीकडे मिठागरं.
इथं कुणी बोलायचं नाही.
वारा समोरून यायचा
आणि इनासला दम राखायचा असायचा, ओरडायला.

कांपालला मैदानाभोवती बांबूचे तट्टे,
आत फळ्यांची उतरंड.
तिकीट आठ आणे. माझं नाहीच.
रुझार दारावर सांगायचा, हा अजून शाळेत जात नाही.
मी पाचवीत होतो.

आमचे दत्ताराम मास्तर,
वर्गात आवाज न चढवणारे,
इथं रेफ्रीच्या तीन पिढ्या बाहेर काढत.
विगार लोबो सर्वांत पुढच्या फळीवर उभे,
झगा दोन्ही हातांनी वर धरलेला,
शिवी ओठांवर आली की "सायबा!" म्हणत
आणि दोनदा म्हणत.

ती फायनल.
चौऱ्याहत्तरची की पंचाहत्तरची,
यावर आमचं अजून भांडण आहे.
खाणवाले आणि बंदरवाले, शून्य-शून्य,
जादा वेळही संपत आलेला.
नंबर अकरा तेओतोन,
दिवसा कंपनीत खतावण्या लिहायचा,
मोजे घोट्यापर्यंत उतरलेले,
डाव्या बगलेनं निघाला
आणि माझी एक चप्पल फळीतून खाली पडली.

बाबाने दसऱ्याला घेतलेली.
मी खाली उतरलो.

खाली शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं,
उन्हाचे पट्टे,
आणि डोक्यावर हजार टाचा.
चप्पल हाताला लागली तेव्हा
सगळ्या टाचा एकदम वर उचलल्या.
तेवढ्यात सगळं थांबलं.
उजेड जास्त आला.
मग फळ्या कडाडल्या,
धूळ केसांत, डोळ्यांत, उघड्या तोंडात,
आणि वरून इनासचा भोंपू
पोंय पोंय पोंय, थांबेचना.
"गोल जालो!" कुणीतरी रडत होतं.

मी बाहेर आलो
तोवर तेओतोन दिसत नव्हता,
त्याच्यावर दहा जण पडले होते.

फेरी आमच्यासाठी थांबली होती.
बाबुसोच्या कानाला ट्रान्झिस्टर,
जादा वेळ लागला हे त्याला आधीच कळलेलं.
मासळीच्या रिकाम्या पाटल्या घेऊन बसलेल्या बायकांनी
त्याचा तासभर उद्धार केला होता.
त्यांनाही स्कोअर ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी इनासने
दर दारात तीन लांब भोंपू वाजवले.
हरलो की वाजवायचा नाही,
उंडे गुपचूप पेळेवर ठेवून पुढं जायचा.
गाव त्या शांततेवरून समजून घ्यायचा
आणि चहा जरा उशिरा प्यायचा.

पन्नास वर्षं मी तो गोल सांगतोय.
डावा पाय, खांबाला चाटून, जाळीच्या कोपऱ्यात.
मुलांना सांगितला, जावयाला सांगितला,
कुवेतच्या कँटीनमध्ये मल्याळी पोरांना
टेबलावर मिठाची बाटली ठेवून दाखवला.

परवा रुझारच्या बाल्कांवात बसलो होतो.
नजर गेलीय त्याची, सुईत दोरा ओवता येत नाही.
म्हणाला, "तू सांग, पाय उजवा की डावा?"
"डावा."
"असेल," तो म्हणाला.
"माझ्यासमोर त्या विगाराचा झगा होता."

मला तेव्हा चपलेचं सांगता आलं असतं.

आम्ही बराच वेळ हसलो,
तो माझ्यापेक्षा जास्त.
मग रस्त्यावरून पदेराचं पोर गेलं, मोटारसायकलवर,
दोन आखूड भोंपू.
रुझारने मान वळवून ऐकलं.
"कोण जिंकलं?" त्यानं विचारलं.